सहा पिस्टन आणि एक तराजू

मंडळी, जन्मभर मराठी शिकवलेला मास्तर आज इंजिनावर लिहितोय. हसू नका.

१९९६ चा कापसाचा हंगाम होता. पुतण्याचा टाटाचा जुना ट्रक हिंगणघाटच्या जिनिंगमधून गाठी वाहायचा. ऐन डिसेंबरात इंजिन तेल पिऊ लागलं. बँकेचा हप्ता डोक्यावर! पैसे वाचवायला पठ्ठ्याने चार पिस्टन एका दुकानातून आणले, दोन दुसरीकडून, आणि हेड भंगारातून. मिस्त्रीने ते बघितलं आणि पाना खाली ठेवला. "बोल्ट बसले म्हंजे इंजिन बसलं काय, गुरुजी?"

इंजिन ६९२ होतं, म्हणजे ६ सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर. (६९७ चा बोअर अर्थातच ९७.)

मिस्त्रीने सहाही पिस्टन शेजारच्या किराणा दुकानात नेले आणि तराजूत जोडीजोडीने ठेवले. दोन जड निघाले. असं वजन कमीजास्त असलं की इंजिन थरथरतं, बेअरिंग खातं.

पण खरी गोम उंचीत होती. डिझेल ठिणगीने नाही, दाबाने तापलेल्या हवेत पेटतं. म्हणून पिस्टन वर गेला की हेडखाली किती जागा उरते, त्यावर सगळं. या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर वाटी असते, नोझलचा फवारा तिच्यातच पडायला हवा. टेल्को आणि डेमलर-बेंझच्या करारातल्या (१९५४ ते १९६९) ३१२ इंजिनात मात्र डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटायचं, त्यामुळे पिस्टनही निराळे. एकाचं हेड, दुसऱ्याचे पिस्टन, असला संसार चालत नाही.

आमचं हेड होतं ६९२ चंच, पण किती वेळा फेस केलेलं, देव जाणे. फेस केलं की व्हॉल्व्ह पिस्टनकडे सरकतात, मग त्यांच्या सीट खोल कराव्या लागतात. मिस्त्रीने पिस्टनवर शिशाच्या तारेचे तुकडे ठेवले, गॅसकेट घालून हेड कसलं, हाताने एक फेरा फिरवला, पुन्हा उघडलं. चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजली. त्या दोन पिस्टनवर ती कागदासारखी झालेली.

पुतण्या भडकला. रोज खेप बुडत होती ना! मिस्त्री ढिम्म. "मी नाही कसत. दुसऱ्याकडून कसून घ्या."

शेवटी सूनबाईने भिशीचे पैसे काढून दिले. एकाच मेकचा पूर्ण सेट आला, सीट कापल्या, पुन्हा तार, पुन्हा माप. पाचव्या दिवशी इंजिन लागलं. आधी पांढरा धूर, मग विरळ, मग काहीच नाही.

त्याच रात्री पुतण्या गाठी भरायला गेला, मिस्त्रीचे निम्मे पैसे बाकी ठेवून.