भोंगा

भोंगा म्हटला की मुंबईकराला गिरणी आठवते. आम्हां सांगलीकरांना नदी आठवते. गंमत अशी की, पाऊस पडायचा साताऱ्याकडे, पाटणच्या डोंगरांत, आणि धडकी भरायची ती सांगलीत! कोयनेचे दरवाजे उघडण्याआधी धरणाखाली भोंगा वाजतो. त्याचा आवाज आमच्यापर्यंत कुठला पोचायला? पण बातमी पोचते, आणि घरातले कोणीतरी आयर्विन पुलावर जाऊन पाणी पाहून येते. "किती?" एवढेच बायको विचारते. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे आमच्या मुलांना पाढ्यांबरोबरच पाठ होते. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. "२००५ साली इथवर आले नव्हते," असे म्हणून घरातच बसलेली माणसे माळ्यावर अडकली. निघा, एवढे भोंगा सांगतो. किती वर जायचे ते सांगत नाही. (१९६७च्या पहाटेच्या भूकंपाने तर तेवढेही सांगितले नव्हते.)

आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ साली निराळाच भोंगा सुरू झाला. संध्याकाळी सातला तो देवळावरून वाजे. पूर नाही, आग नाही. टीव्ही, मोबाईल बंद करा आणि पुस्तके काढा! साडेआठला दुसरा भोंगा झाला की सुटका. कल्पना मला पसंत आहे. मात्र रोजच्या भोंग्याचा कानाला सराव होतो. तेव्हा खऱ्या संकटाचा सूर वेगळा ठेवावा.

आमच्या घरी हा प्रयोग मी सुचवून पाहिला. सूनबाई म्हणाल्या, "चालेल, बाबा. पहिला मोबाईल तुमचा ठेवा."