गिअर हाताने की यंत्राने?

स्पोर्ट्स कारमधला गिअरबॉक्स इंजिनाची ताकद वेगाच्या गरजेनुसार चाकांपर्यंत पोचवतो. मॅन्युअल गाडीत क्लच दाबणे, गिअर बदलणे ही कामे चालकाची. ड्युअल-क्लच ऑटोमॅटिकमध्ये दोन क्लच असतात. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. पुढचा गिअर आधीच जुळवलेला असल्याने बदल क्षणार्धात होतो. सराईत हातालाही ते साधत नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) शेंद्र्यात कारखाना असलेल्या स्कोडाने भारतात 2011 मध्ये लॉरा व्हीआरएस सहा गिअरच्या मॅन्युअलसह आणली. 2017 ची ऑक्टाव्हिया आरएस मात्र फक्त सहा गिअरच्या ड्युअल-क्लचवर आली. वेगाचा कौल ऑटोमॅटिकला मिळाला.

खानदेशात हा प्रश्न रस्त्यागणिक बदलतो. धुळे-जळगाव महामार्ग बहुतांशी सपाट. तिथे एकदा वरचा गिअर पडला की हाताला काम उरत नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना मात्र वळणाआधी गिअर उतरवण्यात मॅन्युअलची गंमत आहे. उतारावर खालचा गिअर ठेवला की इंजिनच गाडी आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिकमध्येही हाताने गिअर निवडून हे साधते.

घाटात वाहतूक तुंबली तर मॅन्युअलमध्ये डावा पाय थकतो. उन्हाळ्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी रांगत्या रांगेत ड्युअल-क्लचमधले कोरडे क्लच लवकर तापतात, तेलात बुडालेले तग धरतात.

घड्याळ महत्त्वाचे असेल तर ऑटोमॅटिक, हाताचा सहभाग हवा असेल तर मॅन्युअल.