दुसरा बेल्ट

कामावर नवा माणूस आला, की "त्याला हळूहळू शिकव" असे सगळेच म्हणतात. त्याला काय काय द्यायचे, हे मात्र कुणी विचारीत नाही. जे जुने, झिजलेले, उरलेसुरले असेल ते त्याच्या हाती पडते. आणि तोही ते मुकाट्याने घेतो. आपण काही मागू शकतो, हे त्याच्या गावीही नसते. गेल्या दिवाळीच्या सुटीत हा प्रकार मी अगदी जवळून पाहिला. त्यावरच चार शब्द लिहावेसे वाटले.

माझे मामा पुण्यात काचा पुसण्याचे काम करतात. काचा पुसणे म्हटले की सिग्नलला गाड्यांच्या काचा पुसणारी मुले डोळ्यांसमोर येतात. मामांचे काम वेगळे. शोरूम, बँका, दवाखाने आणि खराडी-हिंजवडीकडे उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती बाहेरून धुवायच्या, हा त्यांचा धंदा. फार उंच इमारती मोठे ठेकेदार घेतात. चार-पाच मजल्यांपर्यंतची कामे मामांसारख्यांना मिळतात. शिक्षणासाठी मी त्यांच्याकडेच राहतो. त्यामुळे रविवारी आणि सुटीत बादल्या भरणे, दोराखालून जाणाऱ्या-येणाऱ्यांना बाजूने काढणे, अशी खालची कामे माझ्याकडे असतात.

मामांजवळ एक टेम्पो आहे. २००५ साली बाजारात आलेल्या आणि 'छोटा हत्ती' या नावाने घरोघरी ठाऊक झालेल्या गाड्यांपैकीच तो एक. त्याची वजन वाहण्याची मर्यादा पाऊण टन, म्हणजे ७५० किलो. मागे ५०० लिटरची पाण्याची टाकी बसवलेली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी भरली की ५०० किलो तिथेच संपतात. राहिलेल्यात शिडी, दोर, बादल्या, साबणाचे कॅन आणि लांब दांडे बसवायचे. इतके पाणी घेऊन कशाला हिंडायचे, असे मलाही पहिल्यांदा वाटले होते. पण पुष्कळ ठिकाणी बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असते. ते काचेवर वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात आणि केलेले काम पुन्हा करावे लागते. घरच्या नळाचे पाणी त्या मानाने पुष्कळ बरे.

मामांचा जुना भागीदार गावी परतला, तेव्हा त्याच्या जागी गावाकडचाच एक मुलगा आला. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातला. वय माझ्याएवढेच. त्याला सगळे 'नवा' म्हणू लागले, तेव्हा मीही इथे तेच म्हणतो. टेम्पोच्या केबिनमध्ये ड्रायव्हर धरून दोघांचीच जागा. ती आता मामांची आणि नव्याची झाली, आणि मी बसने जाऊ लागलो.

एक गाडी दोघांनी वापरायची म्हणजे आधी तिच्यात जागा वाटून घ्याव्या लागतात. मामांनी टेम्पोच्या डाव्या फळीवर चार खिळे आपल्यासाठी ठेवले आणि उजवीकडे चार नव्यासाठी ठोकले. दुकानातून वायरला गुंडाळायची रंगीत टेप आणली. निळी टेप मामांच्या वस्तूंना, लाल नव्याच्या, पिवळी दोघांच्या. दोर, शिडी, टाकी, कॅन यांना पिवळी. बादली, वायपर, हातमोजे यांना ज्याची त्याची. आठवडाभरात नव्याचा हात न पाहता आपल्या खिळ्यावर जाऊ लागला. स्वतःचा खिळा मिळाला, की माणूस त्या जागेचा होतो, हे मी तेव्हा पाहिले.

लाल टेप लावलेला वायपर मात्र मामांचा जुनाच होता. आज जगभर चालणारा हा एका रबराचा हलका वायपर अमेरिकेत ओकलंड शहरी एत्तोरे स्तेक्कोने या इटालियन काचा पुसणाऱ्याने १९३६ च्या सुमारास तयार केला. दांडा पितळेचा असो वा स्टीलचा, त्याचा सगळा जीव रबराच्या कडेत असतो. रबराला दोन कडा असतात. एक झिजली की उलटून दुसरी वापरायची, दोन्ही झिजल्या की रबर बदलायचे. नव्याच्या रबराच्या दोन्ही कडा गोल झाल्या होत्या. त्याच्या काचेवर दर हाताला पाण्याची एक बारीक रेघ उरे. शोरूमचा मॅनेजर म्हणे, "ह्याचा हात बसलेला नाही." नवा मान खाली घालून पुन्हा पुसे. चौथ्या दिवशी मामांनी त्याला नवीन रबर घालून दिले, तर काच एका हातात कोरडी! हात बसलाच होता. बसली नव्हती ती रबराची कड.

मला माझे कॉलेजचे पहिले वर्ष आठवले. आमच्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. शेजारच्या एका भल्या गृहस्थांनी मला प्रेमाने पुस्तके दिली होती. ती निघाली जुन्या अभ्यासक्रमाची. पहिल्या चाचणीत मी मागे पडलो, तेव्हा मला विषय झेपत नाही असेच सर्वांना वाटले, आणि मलाही. झिजलेल्या हत्याराचा दोष हत्यार धरणाऱ्याच्या नावावर जमा होतो. नव्या माणसाला तर दुसरे हत्यार पाहायलाच मिळालेले नसते, मग त्याने तुलना कशाशी करावी?

शिकवण्यात मामा हात आखडता घेत नाहीत. उन्हाने तापलेल्या काचेला पाणी लावू नये, ते पुसण्याआधीच वाळते; म्हणून सकाळी पश्चिमेची बाजू धुवायची आणि दुपारनंतर पूर्वेची. रंगाचे थेंब काढताना पाते पुढेच ढकलायचे, मागे ओढायचे नाही. पात्याखाली अडकलेला वाळूचा कण काचेवर कायमची रेघ पाडतो. शिडी चार फूट उंच टेकली, तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर. ॲसिड ॲल्युमिनियमच्या चौकटीला लागू द्यायचे नाही, चट्टे पडतात. वीस वर्षांत गोळा केलेले हे सगळे त्यांनी आठ दिवसांत नव्यापुढे ओतले.

अडचण आली ती बेल्टची.

दोरावर उतरणारा माणूस दोन दोरांवर असतो. एका दोरावर तो फळीवर बसून हळूहळू खाली येतो. दुसरा दोर गच्चीवर वेगळ्या ठिकाणी बांधलेला असतो. त्यावर एक चाप माणसाबरोबर सरकत येतो. झटका बसला की तो दोराला घट्ट चावतो. हा चाप ज्याला अडकवायचा, तो म्हणजे बेल्ट. नाव बेल्ट असले तरी तो कमरेचा पट्टा नव्हे. खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांभोवती येणारे ते एक जाळेच असते. पहिला दोर तुटला तर माणूस आणि जमीन यांच्यामध्ये एवढेच उरते.

मामांकडे असे दोन होते. एक दोन वर्षांपूर्वीचा. दुसरा त्याच्या आधीचा, मूळचा नारिंगी, आता उन्हाने पिवळट पांढरा पडलेला. तो नव्याच्या खिळ्यावर गेला. लाल टेप लावताना त्याच्या खांद्याजवळ शिवलेली एक चिठ्ठी मला दिसली. इंग्रजीत होती, म्हणून घरात ती आजवर कुणी वाचली नव्हती. मी वाचून दाखवली. पट्टा कापला, भाजला, त्याचा रंग उडाला किंवा शिवण उसवली, तर वापरू नये. एकदा पडण्याचा झटका बसला, तर तो बाद करावा. खाली बनवल्याची तारीख होती. तिला नऊ वर्षे होऊन गेली होती. मांडीच्या पट्ट्याची शिवण बोटाने चोळली, तर धाग्याचा भुसा हाताला लागला.

मामा म्हणाले, "आरं, ह्याच बेल्टावर म्या सात वर्सं काढली." मग तो गुडघ्यावर घेऊन बराच वेळ बघत बसले. त्यांना राग आलेला नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं. चांगला बेल्ट येकच धरू. जो खाली उतरंल त्यो घालंल. आलटूनपालटून."

नव्याने लगेच मान हलवली. "चालतंय की, मामा. आमच्याकडं दोघात मिळून येक कोयताच आस्तो."

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. ऊसतोडीला माणसे मोजताना 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची, वाहायची. मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. नव्याचे आईवडील दर हंगामाला असेच एक कोयता होऊन कारखान्यावर जातात. दोन माणसे आणि एक हत्यार, यात वावगे काही आहे असे त्याला वाटण्याचे कारणच नव्हते.

आणि खरे सांगायचे, तर मलाही ते ऐकायला बरे वाटले. आमच्या सगळ्यांच्या घरांत वाटून घेणे हाच मोठा गुण मानला जातो. एका वाकळेत तिघे, एका गाइडवर दोन भावंडे. जो वाटून खातो तो चांगला. गरिबाची अर्धी श्रीमंती यातच असते. पण त्या रात्री झोप येईना. गच्ची, कठडा, दोन दोर डोळ्यांसमोर मांडून पाहिले, आणि एका ठिकाणी हिशेब अडला.

दोरावरचा माणूस मध्येच अडकला, उन्हाने भोवळ येऊन लोंबकळला, तर? बेल्टात हालचाल न करता लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते, आणि काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत थांबता येत नाही. गच्चीवरच्या माणसालाच कठड्याबाहेर जावे लागते. म्हणजे ज्या घटकेला पहिला बेल्ट कामाला येतो, नेमक्या त्याच घटकेला दुसरा लागतो. एक बेल्ट दोघांत पुरतो खरा, पण काही घडले नाही तरच.

सकाळी मी विचारले, "मामा, तुम्ही दोरावर अडकलात, तर नवा काय घालून उतरेल?"

मामा बोलायच्या आत नवा बोलला. "म्या तसाच उतरीन की."

तो हे बढाई म्हणून बोलला नव्हता. चहाचा कप हातात धरून, सहज बोलला. तो खरेच उतरला असता, याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका राहिली नाही. मामांचा चेहरा एकदम उतरला. मामी चुलीशी होत्या, त्या तिथेच थबकल्या. मामा उठले, सदरा घातला आणि पैसे घेऊन बाहेर पडले. टेम्पोवर धंद्याचे नाव रंगवून घेण्यासाठी त्यांनी तीन हजार रुपये बाजूला ठेवले होते. दुपारी ते नवीन बेल्ट आणि हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट घेऊन आले. नाव अजून रंगवलेले नाही.

बेल्ट आला तरी पंधरा दिवस मामांनी दोरावरचे काम घेतले नाही. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याने जेवढी काचकामे होतील तेवढीच घेतली. इंग्लंडमध्ये यासाठी २००५ सालचा नियमच आहे: उंचीवरचे काम टाळता येत असेल तर आधी टाळा, येत नसेल, तरच पडण्यापासून बचावाचा विचार करा. तिथे काचा पुसणाऱ्यांच्या व्हॅनमध्ये क्षार काढून टाकलेले शुद्ध पाणी असते. ते लांब दांड्यातून वर चढवतात. ते डाग न पाडता वाळते, त्यामुळे पुसायलाही वर जावे लागत नाही. आमचा दांडा वीस फुटी आणि पाणी नळाचे. पण विचार तोच. संध्याकाळी मामा नव्याला एका जुन्या गोदामाच्या तुळईला जमिनीपासून तीन फुटांवर टांगत आणि मला त्याला खाली उतरवायला लावीत. मग आम्ही जागा बदलत असू.

तेव्हापासून माझ्या मनात टेपच्या रंगांचा एक हिशेब बसला आहे. भाकरी, गाडी, कमाई, माहिती यांना पिवळी टेप लावावी. ही दोघांचीच असावी. पण ज्याच्यावर एका माणसाचा जीव टांगलेला असतो ती वस्तू ज्याची त्याचीच असली पाहिजे. आणि नव्याला बेल्ट दिला तो त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. गच्चीवर नवा उभा असतो तेव्हा दोरावर मामा असतात. त्याच्या अंगावर जे घातले, ते मामांच्याच जिवासाठी घातले.

जुना बेल्ट मामांनी पात्याने कापून काढला. त्याच्या पट्ट्यांनी आता शिडी टेम्पोला बांधतात; तेवढ्याला तो अजून पुष्कळ मजबूत आहे. कापताना नव्याला हळहळ वाटली. "कशाला कापता, मामा? ऱ्हाऊ द्या की, कवातरी लागंल."

"म्हणून तर कापतोय," मामा म्हणाले. "ठिवला, तर उद्या आनखी कुनी नवा यील, आन् त्यो घालंल."