मिठो

भिलाईत आमच्या पिढीला परदेश म्हटलं की रशिया आठवतो. सोव्हिएत मदतीनं स्टील प्लांट उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, आणि इथल्या प्राणिसंग्रहालयाचं 'मैत्रीबाग' हे नावसुद्धा त्याच दोस्तीतून आलं. नेपाळ मात्र रोज रात्री आमच्या दारावरून जात होता. स्मृती नगरात काठी आपटत, शिटी वाजवत फिरणाऱ्या गुरख्याला सगळे 'बहादूर' म्हणत. ते त्याचं नाव नसेल, असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

हे रेल मिलमधून निवृत्त झाले आणि २०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही नेपाळला निघालो. दुर्गहून नौतनव्याला थेट गाडी आहे. तिथून सीमा सात-आठ किलोमीटर. सोनौलीची कमान आम्ही पिशव्या हातात धरून चालत ओलांडली. मतदार कार्ड कुणी विचारलंही नाही. पलीकडे पहिला प्रश्न आला, "आयसी की एनसी?" म्हणजे भाव भारतीय रुपयांत सांगू की नेपाळी? आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा हिशेब पानवाल्याच्या पोरालाही तोंडपाठ. शंभराहून मोठी आपली नोट तेव्हा तिथं चालत नव्हती, म्हणून यांनी बँकेतून शंभराची बंडलं आणून ठेवली होती.

पाट्या बघून मी खूश झाले. सगळं देवनागरी. गाड्यांच्या नंबरांपासून औषधांच्या दुकानापर्यंत मी धडाधड वाचत सुटले. भिलाईतल्या मराठी माणसाला एका लिपीतल्या दोन भाषांची सवय असतेच. हिंदीतली 'शिक्षा' आणि मराठीतली शिक्षा यांत मुलांचा गोंधळ आम्ही घरातच निस्तरलाय. तिसरी भाषा काय जड जाणार, असं वाटलं. पसल म्हणजे दुकान, प्रहरी म्हणजे पोलीस, बिदा म्हणजे सुट्टी, हे हळूहळू कळत गेलं.

दुसऱ्या दिवशी सीमेजवळच्या भैरहव्याहून काठमांडूची सातची बस होती. यांच्या घड्याळात सातला दहा कमी असताना आम्ही स्टँडवर पोचलो. बस गेली होती. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं, म्हणजे तिथं सात वाजून पाच झाले होते. तिकीटवाल्यानं पैसे परत दिले नाहीत, उलट हसला. चाळीस वर्षं शिफ्टला एकदाही उशीर न केलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आणि गप्प बसले.

दुसऱ्या बसनं निघालो. मुगलिंगला जेवायला थांबलो. पितळी ताटात भाताचा डोंगर, काळी डाळ, साग आणि गुन्द्रुक. पालेभाजी आंबवून, वाळवून केलेलं हे गुन्द्रुक मला फार आवडलं. भात संपायच्या आत वाढणारी दिदी पुन्हा हजर. बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, खाणाऱ्या छत्तीसगडात राहूनसुद्धा एवढा भात मी कधी खाल्ला नव्हता. दिदीनं विचारलं, "मिठो छ?"

माझा हात मिठाकडे गेला. हे म्हणाले, "नहीं नहीं, बिलकुल नहीं."

तिचा चेहरा पडला. शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजातल्या पोरानं हसत हिंदीत सांगितलं, की नेपाळीत मिठो म्हणजे चविष्ट. हिंदीत मीठा गोड, मराठीत मीठ खारट. यांनी उठून, हात जोडून, "मिठो, मिठो," म्हटलं. तिनं आणखी भात वाढला.

काठमांडूत रविवारी सकाळी गणवेशातली मुलं शाळेत चालली होती. सुट्टी तिथं शनिवारी. हॉटेलच्या बिलावर विक्रम संवत २०७६. आणि एवढ्या गर्दीत हॉर्न नाही! २०१७ पासून तिथं विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी होती आणि लोक ती पाळत होते. आपल्याकडे हे होणार नाही, असं माझं मत आहे. बॅटरीवरचे सफा टेम्पो बऱ्याच ठिकाणी बायका चालवत होत्या. देवळं मी मुद्दामच कमी पाहिली.

परतताना बुद्धाच्या लुंबिनीला थांबलो. अशोकाच्या स्तंभावरचा ब्राह्मी लेख वाचायला गेले, तर एक अक्षर लागेना. इतके दिवस परक्या भाषेच्या पाट्या वाचत होते आणि आपल्याच लिपीची आजी समोर उभी, तर ओळख नाही. मागून आवाज आला, "कुठले जी तुम्ही?" नागपूरच्या इंदोऱ्यातल्या बायकांचा गट होता. भिलाई म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग तर शेजारीच." त्यांच्यातल्या आजींना तारखा पाठ होत्या: १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा, नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बाबासाहेबांचं बुद्ध आणि कार्ल मार्क्सवरचं भाषण, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. त्यांनी डब्यातले भाकरी-ठेचा दिले.

घरी आल्यावर त्या रात्री शिटी ऐकून मी फाटकापाशी गेले आणि विचारलं, "भात खानुभयो?" तो दचकला, मग हसला. नाव विचारलं, गाव विचारलं. तो पश्चिम नेपाळातल्या अछामचा. बावीस वर्षं भिलाईत आहे. काठमांडू त्यानं अजून पाहिलेलं नाही.