एक गाव, एक संघ

‘एक गाव, एक संघ’ हा नियम मोडीत काढावा, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. बोललो, भांडलो, छापूनही आणलं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. अर्थात ते पार उलटंही झालेलं नाही. कुठवर बदललं, तेवढं सांगतो.

अलिबाग तालुक्यात भात कापून झालं की टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम सुरू होतो, तो पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. शेतातले बांध फोडून जागा सपाट करायची, मधल्या पट्ट्यावर माती टाकून पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. चुन्याची फक्की मारली, मांडव घातला, चषक टेबलावर मांडले आणि माइक समालोचकाच्या हातात गेला, की स्पर्धा उभी राहिली. सामना चार-पाच षटकांचा. स्पर्धा दोन प्रकारच्या. ‘ओपन’मध्ये कुठूनही खेळाडू आणता येतो. गाव-मर्यादित स्पर्धेत ‘एक गाव, एक संघ’ हा नियम, तिथे आधार कार्डावरचं गाव बघूनच मैदानात सोडतात. किहीमहून निघून चोंढी, आवास, सासवणे, थळ आणि कधी पार पेण-उरणपर्यंत या स्पर्धांच्या बातम्या करत मी मोटारसायकलवर फिरतो.

नियमाविरुद्ध माझं म्हणणं साधं होतं. पन्नास घरांच्या वाडीत एखादा पोरगा लाखात एक निघाला, तरी गावच्या संघात उरलेले दहा जण जेमतेम असले की तो दुसऱ्या फेरीतच घरी. त्याला बघणार कोण? रायगड जिल्हा क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र संघटनेत मोडतो. मांडव्याहून रो-रोत बसलं की तासाभरात मुंबईचा भाऊचा धक्का, पण निवड चाचणीसाठी आमच्या पोरानं घाट चढून पुण्याकडे बघायचं. सीझन बॉलचं किट, प्रशिक्षण, प्रवास हे मासेमारी किंवा शेती करणाऱ्या घराला झेपत नाही. मग त्याला वर चढायला ओपन स्पर्धा हीच एक शिडी उरते, असं मी मांडायचो.

शिवाय मला खेळाचीच ओढ होती. सीझन बॉलचं वजन साधारण 156 ते 163 ग्रॅम, टेनिस बॉल साठ ग्रॅमच्याही आतला. शिवण नाही, त्यामुळे शिवणीवर चेंडू वळवणं नाही. गोलंदाजाकडे उरतो तो निव्वळ वेग, यॉर्कर आणि हातातल्या हातात कमी केलेली गती. हे सगळं ज्यांना खरोखर जमतं, ते ओपनमध्येच एकत्र दिसतात. सोलापूरकडचा कृष्णा सातपुते अशाच मैदानांवरून राज्यभर माहीत झाला. मार्च 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. 10 षटकं, टेनिस बॉल, सिनेकलाकारांच्या मालकीचे सहा संघ. तेव्हा मला वाटलं, आपण म्हणत होतो ते खरं ठरलं.

पण त्याच सुमाराला तालुक्यातली ओपन मैदानं बघताना काही खटकायला लागलं. संघाच्या नावात गाव, पण अकरात गावचे दोघेच. बाकीचे गाडीतून यायचे, खेळायचे, ठरलेले पैसे घ्यायचे आणि पुढच्या मैदानाकडे निघायचे. खेळ उत्तम व्हायचा. तरी फायनलला मैदानाभोवती तरुण मुलांचीच काय ती गर्दी, आणि त्यातली निम्मी मोबाईलवर लाइव्ह बघणारी. गाव-मर्यादित फायनलला मात्र टेम्पो भरभरून माणसं यायची, बायका आणि म्हाताऱ्यांसकट. सासवण्याकडच्या एका आजींना मी विचारलं, तुम्हाला क्रिकेट कळतं का? त्या म्हणाल्या, “आमची पोरं हायत म्हनून येताव. तुजा किरकेट कोन बगतंय!”

हे नुसतं कौतुकाचं असतं तर माझं मत बदललं नसतं. बदललं ते जमिनीमुळे. ही मैदानं कुणाच्या तरी मालकीची शेतं असतात. मालक भाडं घेत नाही, पुन्हा जूनच्या आधी बांध घालून द्या एवढंच म्हणतो, कारण पुतण्या खेळत असतो. बाहेरून आलेल्या अकरा जणांसाठी तो बांध का फोडू देईल? किहीमच्या पट्ट्यात तर शेतांचे प्लॉट होऊन त्यावर बंगले उभे राहिलेत. रोलर फिरवायला जागा राहिली, ती अशा नात्यागोत्याच्या परवानगीवर. जिथे तीही नाही, तिथे पोरं समुद्रावर खेळतात आणि सामन्यांची वेळ पंचांगावर ठरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास, वाळू भर दुपारी मोकळी. पौर्णिमेला दुपारीच पाणी वर, म्हणून सामने संध्याकाळी. असला हिशेब घालून स्पर्धा भरवणं राहत्या माणसांनाच जमतं. ओपनची प्रवेश फी वाढत गेली तसे छोट्या गावांचे संघ गळाले, आणि हे हिशेब करणारी माणसंही त्यांच्याबरोबर बाजूला झाली.

गावाला बांधलेला खेळ मोठा होत नाही, असंही मी म्हणायचो. पण आयर्लंडमध्ये 1884 साली स्थापन झालेली गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही खेळांची संघटना आहे. तिचे खेळाडू आजही मानधन घेत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी आपापल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, क्लबकडूनच खेळतात. डब्लिनचं त्यांचं क्रोक पार्क मैदान 82 हजार प्रेक्षकांचं आहे. गावाला बांधलेला खेळ डबक्यात राहतो, हा माझा युक्तिवाद तिथे टिकत नाही.

आता जे बदललेलं नाही ते. आधार कार्डावरचं गाव म्हणजेच गाव, हे मला आजही पटत नाही. बंगला सांभाळणाऱ्या परगावच्या, परप्रांतातल्या कुटुंबांची मुलं इथल्याच शाळेत जातात, पाण्याचे पाइप ओढतात, पीचवर रोलर फिरवतात. स्पर्धेच्या दिवशी कागद मागितले की तीच मुलं दोरीबाहेर. उलट कल्याण-डोंबिवलीला स्थायिक झालेला, आधार कार्डावर इथलंच गाव ठेवून असलेला माणूस शनिवारी येऊन सलामीला उतरतो. लग्न होऊन गावात आलेली सून गावची ठरते, पण तिच्या किंवा गावच्या मुलींच्या संघाचं नाव वेळापत्रकात क्वचितच येतं.

म्हणून हल्ली एखादी समिती विचारायला आली, तर माझं सांगणं ठरलेलं असतं. गाव-मर्यादित ठेवा, पण गाव कागदावर मोजू नका. जो दोन पावसाळे इथे राहिला आणि ज्यानं पीच करायला हात लावला, तो गावचा. काही समित्या हसतात. ‘मग उद्या सगळेच येतील’ म्हणतात. येऊ देत. पीचवर पाणी मारायला पहाटे उठणारे सगळे असते, तर माणसं मिळत नाहीत ही तक्रार दर हंगामात कशाला ऐकू आली असती?

आणि तो लाखात एक पोरगा? त्याची काळजी मला आजही आहे. त्यानं ओपन खेळावं, उरण-पनवेलला जावं, जमलं तर स्ट्रीट प्रीमियर लीगच्या लिलावातही उतरावं. त्याची बातमी मी ठळक करीन. फक्त त्याला वर जायला वाट हवी म्हणून आमच्या गावांनी आपापले संघ विकत घ्यावेत, हे मी आता लिहिणार नाही.