दिवसा दिसणारं घुबड

नंदुरबार जवळ आलं हे पाटी वाचून कळायची गरज नसते, नाकच सांगतं. बसमधल्या भेंड्या थांबल्या आणि मागच्या बाकापासून शिंका सुरू झाल्या. शहराबाहेर मोकळ्या रानात मिरचीच्या पथाऱ्या पडल्या होत्या, नजर जाईल तिथवर लाल. शेतकरी बाजार समितीत ओली लाल मिरची आणतो. व्यापारी ती घेऊन इथे उन्हात पसरतो. वाळली की देठ खुडायचे, पांढरी पडलेली फटकी वेगळी काढायची आणि पोती भरायची. देशात मिरचीसाठी आंध्रातल्या गुंटूरनंतर नंदुरबारचंच नाव निघतं. नाकावरून पदर घट्ट बांधलेल्या बायका निवडायला बसल्या होत्या. एका पोरानं मूठभर मिरची उचलून पाहिली, तशा एक आजी ओरडल्या, "डोयाले हात नको लाऊ रे पोऱ्या!" तोवर हात डोळ्याला लागलेला होता. त्याचे डोळे धुवून होईपर्यंत आजींनी बाकीच्यांना अवकाळी पावसाची गोष्ट सांगितली. सारा माल उघड्यावर असतो, ताडपत्री पुरत नाही आणि एका रात्रीत लालाचं काळं होतं.

आमच्या सहली ठरलेल्या असतात: शिर्डी, वेरूळ, अलीकडे वॉटर पार्क. यंदा धुळ्याहून सातवीचा वर्ग नंदुरबारला न्यायचा म्हटल्यावर पालकसभेत पहिला प्रश्न आला, "तिथं काय बघायचं?" त्यात पालकांना तरी दोष कसा द्यायचा? १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाल्यापासून हा जिल्हा वर्तमानपत्रात येतो तो बहुधा कुपोषणाच्या आकड्यांसाठी. आकडे खरेच आहेत. पण आकड्यांवरून जिल्हा ओळखायची सवय लागली, की तिथे जाऊन बघावंसं कुणाला वाटत नाही.

एके काळी मात्र इथूनच जावं लागे. सुरत बंदरातला माल बुऱ्हाणपूरकडे आणि तिथून पुढे आग्र्याला जायचा, त्या वाटेवर नवापूर आणि नंदुरबार ही मुक्कामाची गावं होती. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच वाटेनं गेला. नवापूरच्या बारीक तांदळाला शिजल्यावर कस्तुरीचा वास येतो आणि बडे लोक दुसरा तांदूळ खात नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलं. हिऱ्यांच्या व्यापाऱ्याला भाताचा वास लक्षात राहिला, हे मला त्याच्या हिशेबांपेक्षा जास्त आवडतं. आज नवापूरचं नाव तूरडाळीसाठी आहे; तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

शहरात हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. "म्हणजे दहावीतला दादा," एक मुलगी म्हणाली. तिच्यानंतर मला काही बोलायचं उरलं नव्हतं.

प्रकाशाला तापी ओलांडली. गोमाई तापीला मिळते ते हे ठिकाण. भाविक याला दक्षिण काशी म्हणतात आणि केदारेश्वराच्या दर्शनाला येतात. गावातली पांढरी टेकडी १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी खणली, तेव्हा तळाशी ताम्रपाषाण काळातली रंगीत खापरं आणि गारगोटीची बारीक हत्यारं निघाली. वर्गाला खापरांपेक्षा घाटावरच्या माकडांत जास्त रस होता. मी फार ताणलं नाही.

खरी गर्दी सारंगखेड्याला. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत तापीकाठी घोडेबाजार. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. राजस्थान, गुजरात, पंजाबातून आलेले. घोडं विकत घेणारा आधी चाल पाहत नाही, अंगावरचे भोवरे पाहतो. गळ्याखालचं देवमण शुभ मानतात. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर तो पंचकल्याणी, त्याला भाव जास्त. दात बघून वय कसं काढतात, हेही एका मालकानं घोड्याचा ओठ वर करून दाखवलं. एकीनं वही उघडून किंमत विचारली. मालक गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "एक्कावन्न लाख." तिनं ते लिहून घेतलं. मागे खाटेवर बसलेले लोक हसत का होते, हे तिला तेव्हा उमगलं नाही.

शहाद्याला मुक्काम करून पहाटे तोरणमाळच्या वाटेला लागलो. ओळखीच्या वनरक्षकांनी पायथ्याच्या सागवानात बस थांबवली. मुलांना बिबट्या हवा होता, मला रानपिंगळा हे छोटं घुबड. ॲलन ह्यूमनं १८७३ साली त्याची नोंद केली. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं याच भागात काही पक्षी टिपले. १८८४ नंतर तो कुणालाच सापडला नाही, आणि नामशेष झाला असंच धरलं गेलं. फक्त कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात एक नमुना होता, त्याला बांधलेली चिठ्ठी म्हणत होती: १९१४, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुना तपासला, तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरलेला, नव्यानं भुसा भरून खोटी चिठ्ठी लावलेला. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धुंडाळत आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, भर सकाळी, ११३ वर्षांनी रानपिंगळा समोर बसलेला होता.

आम्हालाही तो उन्हातच दिसला. निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसलेला, वीतभर पक्षी. साध्या पिंगळ्यासारखे डोक्यावर ठिपके नाहीत, पाय जाड पांढऱ्या पिसांचे, शेपटी सारखी हलत होती. दिवसा हिंडणारं घुबड पाहून मुलं हरखली. त्याचं जंगल मात्र आक्रसत गेलंय. तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर राखीव वन सरदार सरोवरात बुडालेल्या गावांच्या पुनर्वसनासाठी दिलं गेलं. ज्यांची गावं नर्मदेत गेली त्यांना जमीन मिळायलाच हवी होती. ती पिंगळ्याच्या वाट्यातून आली, याचा सरळ हिशेब मला मुलांपुढे मांडता आला नाही.

सातपायरीचा घाट चढताना मागून प्रश्न आला, "सर, त्या कर्नलला शिक्षा झाली?" नाही झाली. १९६७ साली मरेपर्यंत त्याचा मान तसाच होता. "मग त्याचे बाकीचे पक्षी कुणी तपासले?" तपासले, म्हटलं, आणखीही बरेच चोरीचे आणि खोट्या चिठ्ठ्यांचे निघाले. यावर बसमध्ये बराच खल झाला. शेवटी ठरलं, की वहीत जे लिहायचं त्यासोबत तारीख, ठिकाण आणि कुणी सांगितलं तेही लिहायचं. एक्कावन्न लाखवालीनं परतताना सारंगखेड्याला उतरून किंमत पुन्हा विचारायची परवानगी मागितली. ती मी दिली नाही. यात्रेतून एकदा सगळी पोरं मोजून बाहेर काढली होती, तेवढं पुरे होतं.