पानठेल्यावरचा चुना

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या पानठेल्यावर जाऊन आम्ही शंभर ग्रॅम खायचा चुना मागितला, तेव्हा पानवाल्याने आधी आमच्याकडे आणि मग आमच्या मुलीकडे पाहिले. आमच्या घरी पान कुणी खात नाही, हे त्याला चांगले ठाऊक आहे. "रोट्या करायच्या आहेत," असे मुलीने सांगितल्यावर तो हसतच सुटला. लोक एकमेकांना चुना लावतात हे त्याने ऐकले होते, पण रोटीला?

ही गोष्ट सुरू होते ह्युस्टनमध्ये. २०१३ ते २०२१ अशी आठ वर्षे नोकरीनिमित्त आम्ही अमेरिकेच्या टेक्सास राज्यात काढली. देशी किराण्याचे दुकान घरापासून बरेच लांब होते. पहिल्या हिवाळ्यात कोथिंबीर संपली, चिंच संपली आणि आम्ही हवालदिल झालो. शेजारी मेक्सिकोच्या पुएब्ला शहरातून आलेल्या एक बाई राहत. वयाने आमच्या अम्मीएवढ्या. त्यांनी आम्हाला हाताला धरून कोपऱ्यावरच्या मेक्सिकन दुकानात नेले. तिथे कोथिंबिरीच्या ताज्या जुड्या, हिरव्या मिरच्या, जिरे, दालचिनी, पपई, लिंबे, सगळे होते. चिंचेच्या शेंगांवर पाटी होती, 'तामारिंदो'. म्हणजे आपले तमर-ए-हिंदी, हिंदुस्तानचा खजूर! अरबांनी दिलेले नाव स्पेनमार्गे मेक्सिकोला पोहोचले होते.

अशी नावे मग सापडतच गेली. तांदळाला त्या 'आरोस' म्हणत, साखरेला 'आसुकार'. दोन्ही शब्द अरबी. स्पेनवर मुसलमानांचे राज्य शेकडो वर्षे होते, त्याची ही खूण. बाई बोलताना दर दोन वाक्यांनी 'ओहाला' म्हणत. "ओहाला, पाऊस पडो." पुढे कळले की तो शब्दही अंदलुसच्या अरबीतून आलेला, 'अल्लाहने चाहिले तर' अशा अर्थाचा. आम्ही इन्शाअल्लाह म्हणायचो, त्या ओहाला म्हणायच्या, आणि बोलणे पुढे चालायचे.

एक गोष्ट मात्र आम्ही त्यांच्यापासून लपवली. मुलगी झाली तेव्हा त्यांनी घोटलेल्या राजम्याचे भांडे आणून दिले. मेक्सिकोत हा राजमा परंपरेने 'मांतेका'त परततात, म्हणजे डुकराच्या चरबीत. गव्हाच्या टोर्टियातही ती पुष्कळदा असते. डब्यावरची बारीक अक्षरे वाचायला आम्ही शिकलो होतो, पण शेजारणीच्या भांड्यावर अक्षरे नसतात. आम्ही शुक्रिया म्हटले, दार लावले आणि भांडे रिकामे केले कचऱ्यात. असे चार-पाच वेळा झाले. अन्न टाकल्याचे वाईट वाटायचे, आणि रिकामे भांडे परत देताना 'फार छान होते' म्हणायचो, त्याचे त्याहून जास्त. हराम तोंडात जाऊ नये म्हणून जपायचे आणि त्याच तोंडाने खोटे बोलायचे, हे काही धड नव्हते. शेवटी एका रमजानमध्ये, त्या पुन्हा भांडे घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा, आम्ही सांगून टाकले.

त्या रागावल्याच. चरबी खात नाही याचा राग नव्हता. "वर्षभर मला का नाही बोललात?" एवढेच म्हणाल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या आधी नवे पातेले आणि तेलाची बाटली घेऊन आल्या आणि आमच्याच चुलीवर राजमा परतला. पुढे आम्ही हलालचा खिमा आणून द्यायचो आणि त्या 'आल्बोंदिगास' करायच्या, टोमॅटोच्या रश्श्यातले कोफ्तेच. तोही शब्द अरबीच निघाला. मुलगी त्यांच्या ओट्यापाशीच वाढली. त्यांना ती 'आबुएलिता' म्हणायची, म्हणजे आजी.

आठ वर्षांनी नागपूरला परतलो. मुलगी तोवर सात वर्षांची झाली होती. शाळेतून डबा भरलेलाच परत येऊ लागला. तिला मक्याची रोटी हवी होती, ती आबुएलिताची. दादीने पोळ्या केल्या, पराठे केले, खीर केली. "माझ्या हातचे पोरीला गोड लागत नाही," असे म्हणून एक दिवस दादी ताटावरून उठल्या. तेव्हा आम्हाला कळले की हा फक्त चवीचा प्रश्न राहिलेला नाही.

बाजारातून मक्याचे पीठ आणले. रोटी थापली की चिरा पडत, तव्यावर तुकडे होत. शेवटी ह्युस्टनला फोन लावला. बाई म्हणाल्या, चुना कुठे आहे? मेक्सिकोत सुका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने दाण्याचे साल सुटते, पीठ चिकट होऊन एकजीव मळले जाते आणि मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते, जे एरवी लागत नाही. म्हणून ती पानठेल्यावरची खरेदी.

करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी: एक किलो सुका मका इतवारीतून आणा, मधुमका चालत नाही. तीन लिटर पाण्यात चहाचे तीन चमचे ओला चुना कालवा. काहीही मिसळलेले नसलेला, साधा खायचाच चुना घ्या. भांडे स्टीलचे हवे, ॲल्युमिनियमला चुना खातो. अर्धा-पाऊण तास उकळा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दाणे चोळून साले काढा, तीन-चार पाण्यांनी धुवा आणि वाटा.

आमचे मिक्सर इथेच थांबले. पाणी घातल्याशिवाय फिरेना, आणि पाणी घातले की पीठ सैल. दादी बराच वेळ दारातून पाहत होत्या. मग काही न बोलता त्यांनी पाटा-वरवंटा काढला. मुलगी ओरडली, "आबुएलिताकडे अस्साच दगड आहे!" दादींनी तासभर वाटले. रोटी दाबायचे लाकडी यंत्र आम्ही सामानातून आणले होते, ते त्यांनी बाजूला सारले आणि ज्वारीच्या भाकरीसारखी हातावर थापली. तव्यावर ती फुगली. चार खाऊन मुलीने पाचवी मागितली. दादी नुसत्या "हं" म्हणाल्या.

बाकीच्या वस्तूंचे असेच जमवत गेलो. ठिपक्यांच्या राजम्याऐवजी चित्रा राजमा, त्यांच्या ताज्या चीजऐवजी मीठ लावून कुस्करलेले पनीर. आंबट हिरव्या 'तोमातियो'ला कच्चे टोमॅटो तव्यावर भाजून वर लिंबू. धुरावर सुकवलेल्या मिरचीचा वास हवा तर वाटणाला कोळशाचा धुंगार, जो आपल्याकडे खिम्याला देतोच. मिरचीत मात्र फसलो. त्यांची मोठी काळसर मिरची फारशी तिखट नसते. तितक्याच मोजून भिवापुरी घातल्या आणि त्या रात्री सगळे घर दही खाऊन झोपले. आता रंगाला ब्याडगी आणि भिवापुरी एखादीच. खरे तर मिरची, टोमॅटो, मका हे सगळे मुळात त्या बाजूचेच, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आलेले. ॲव्होकाडोचा नाद आम्ही सोडला. इथला भाव ऐकूनच भूक जाते.

सर्वांत आनंद दिला अंबाडीने. आबुएलिता एक लाल आंबट सरबत करायच्या, 'हामायका'. त्याची सुकी फुले कुठे मिळतील म्हणून आम्ही फोटो दाखवला, तर दादी म्हणाल्या, "ही तर अंबाडी! आम्ही लहानपणी शेतातून ओटीत भरून आणायचो." हिवाळ्यात बोंडांवरची लाल निदले वाळवून बरणीत भरली. दहा मिनिटे उकळून, गाळून, साखर घालून थंड केले. गेल्या रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर रूहअफ्जाशेजारी तो जगही होता.

ईदच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला. दादी आणि आबुएलिता यांना एकमेकींचा एक शब्द कळत नाही. आबुएलितांनी रोटी कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली, कडा पाहिल्या आणि म्हणाल्या, पाणी कमी पडले. मुलीने सांगितल्यावर दादी चिडल्या: "त्यांना म्हणावे, इकडचा मे महिना बघा एकदा!" तेव्हापासून मात्र पिठावर ओले फडके असते.

सध्या अडले आहे ते पाट्यापाशी. वाटून वाटून तो गुळगुळीत झाला आहे. टाकी लावणारा पूर्वी आमच्या गल्लीतून ओरडत जायचा. दोन महिने झाले, दादी सकाळी खिडकीत बसून कान देत असतात.